चकती हलली नव्हती

निवृत्त फिटरची बायको वारली त्या सकाळी ती वाफ्यात खुरपत होती. तिची सोन्याची अंगठी आणि खुरपं, दोन्ही पुन्हा दिसलीच नाहीत. त्याने मेटल डिटेक्टर आणून आठ दिवस वाफ्याची चाळण केली.

तांबड्या मातीतल्या लोहानेच यंत्र गुणगुणायचं. यंत्राच्या टोकाची चकती वरखाली करत, बटण फिरवत त्याने ती गुणगुण मिटवली. खिळ्यांची कटकट नको म्हणून लोखंडाचा आवाजही बंद केला, सोन्याचा बारीक सूर तेवढा ठेवला.

"सोडा तो नाद, भावजी. दोन घास खाऊन घ्या," कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली आणि आत गेली.

तो लाकडी बाकावर टेकला, यंत्र शेजारी ठेवलं. चकती हलली किंवा धातू हलला, तरच ते वाजतं. चकती हलली नव्हती. तरी सोन्याचा बारीक सूर वाजला. पुन्हा वाजला.

त्याने लोखंडाचा आवाज चालू केला. खर्र, खर्र, खर्र, मग विसावा. खुरप्याच्या तीन घावांनंतर घाम पुसायची तिची सवय होती.

रिकाम्या वाफ्याकडे बघत तो म्हणाला, "दमलीस ना? ये, बस."

खरखर थांबली. सोन्याचा सूर मात्र पावलापावलाने मोठा होत गेला.