तासाचे अठरा, सेकंदाचे पाच

कंपनीची बस फाटकाबाहेर पडली आणि वृंदाला एकदम मीटर आठवला. पुढच्या पाळीवर आलेल्या नवऱ्याला चार्ज देताना ती फक्त "अमोनिया अठरा" एवढंच म्हणाली होती. परवापासून अबोला, मग जास्त कोण बोलणार?

तिचे अठरा म्हणजे वायूच्या प्रवाहाचे ताशी किलोमोल, एकेक हजार मोलांचा. त्याच्या पाळीपासून सुरू झालेला नवा मीटर सेकंदाचे मोल दाखवायचा. त्यावर पाचच हवेत. अठरा ठेवले तर साडेतीन पट वायू घुसेल!

पर्स उपसून, नाक मुठीत धरून तिने फोन लावला. "अरे, पाच! अठरा नाही!"

"पाचच ठेवलेत. हिशोब मलाही येतो."

"मग कळवायचं नाही? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"तुझ्या फोनची वाट बघत होतो." तो म्हणाला. "परवापासून."