पायनी फोर्कने दिलेला मान

शनिवारी सकाळी दहा वाजता अटलांटाहून आलेल्या काळ्या गाड्या हमरस्ता सोडून पायनी फोर्कच्या फाट्यावर थांबल्या. पहिल्या गाडीत मार्सेला बॅलर्ड होत्या. त्यांनी पिण्याचं पाणी घरून आणलं होतं. मागच्या गाड्यांतल्या दीर-जावांना त्यांनी दारं आतून लावून घ्यायला बजावलं होतं.

त्या गाव बघायला आल्या होत्या. त्यांच्या मुलाला, प्रेस्टनला, इथल्या कोरा टिडवेलशी लग्न करायचं होतं. मुलगी त्यांना पसंत होती, प्रश्न गावाचा होता. गाव आवडलं तर लग्न इथल्या चर्चमध्ये. नाहीतर अटलांटातल्या क्लबात. क्लबात वधूपक्षाला वीस खुर्च्या मिळणार होत्या. त्या कोराच्या चुलत भावंडांनाही पुरल्या नसत्या.

फाट्यावर कोराचे वडील ओडेल उभे होते. कडक इस्त्रीचा काळा सूट, शेजारी लांबलचक काळी गाडी. गाडीत तोंड दिसावं इतकी ती चकचकीत होती.

"मला वाटलं, चिखलानं भरलेले बूट घालून येतील," मार्सेलाबाई मुलाला हळूच म्हणाल्या. "हा माणूस तर बँकेत शोभेल."

"घरचा धंदा आहे त्यांचा, आई. तिसरी पिढी."

"चालतो बरा?"

"गावातलं प्रत्येक घर त्यांचं गिऱ्हाईक आहे."

ओडेल प्रत्येक खिडकीशी वाकून सांगत गेले, "माझ्या मागं या. दिवे लावा, खाली ओढ्यापाशी धुकं आहे. मध्ये अंतर सोडू नका. आणि घाई नको, मंडळी. अटलांटाची माणसं घाईत रस्ता चुकतात आणि मग रस्त्यालाच शिव्या देतात."

कोरा मार्सेलाबाईंच्या शेजारी येऊन बसली. रांग निघाली.

ओढ्याच्या अलीकडेच समोरून लाकडं भरलेला ट्रक आला. रांग दिसताच चालकाने तो रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला.

"बिघडला वाटतं," मार्सेलाबाई म्हणाल्या.

मग ट्रकच्या मागून येणारी मोटार थांबली. तिच्या मागची थांबली. भुईमुगाच्या शेतात एकाने ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि टोपी काढून छातीशी धरली. शाळेच्या मैदानावर खेळ थांबला. चौकात शेरीफच्या हवालदाराने दोन्हीकडची वाहनं अडवली आणि रांग जाईपर्यंत ताठ उभा राहिला.

मार्सेलाबाईंनी काच खाली केली.

"कोरा, हे सगळे आपल्यासाठी थांबलेत?"

"आपल्यासाठीच, मॅडम."

"टोप्या काढून?"

"इथं तशी पद्धत आहे. शहरात नाही का थांबत?"

"शहरात? मला अंगणातून गाडी बाहेर काढायला कुणी वाट देत नाही! प्रेस्टन, बघ, बघून घे. आणि तुझा काका म्हणत होता, ही माणसं अडाणी!"

त्यांनी हात हलवला. पेट्रोलपंपावरच्या माणसाने उत्तरादाखल मान खाली घातली. भाजीच्या टपरीतली म्हातारी तर रुमालाने डोळे पुसत होती.

"अगंबाई, ती रडतेय!"

"मिस ओटिली," कोरा बाहेर बघत म्हणाली. "ती प्रत्येक वेळी रडते."

"ओळख ना पाळख, आणि एवढी माया," मार्सेलाबाई म्हणाल्या आणि पर्समध्ये स्वतःचा रुमाल शोधू लागल्या.

चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबा लगबगीने झगा सारखा करत उभे राहिले. चेहरा गंभीर होता. कोरा गाडीतून उडी मारून पुढे धावली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. पाद्रीबाबांना जोराचा खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

मार्सेलाबाईंनी चर्च बघितलं. छत बुटकं होतं, बाक जुने होते, पंखा एकच होता. सकाळी फाट्यावरच हे दिसलं असतं तर एवढ्यावरूनच त्या परत फिरल्या असत्या. आता त्यांनी पाद्रीबाबांना तारीख विचारली, ती ठरवली आणि तिथंच उभ्या राहून क्लबला फोन लावला.

"रद्द करा. हो, अगदी नक्की. दुसरं कुणी वाट बघतंय? मग त्यांना देऊन टाका."

कोराने आधी प्रेस्टनला मिठी मारली, मग वडिलांना. ओडेलनी सूट झटकला आणि आकाशाकडे बघितलं.

दुपारी सगळे ओडेलच्या घरी जमले. तेवढ्यात गावातल्या बायका यायला लागल्या. कुणी कोंबडीचा भात आणला, कुणी चीज घालून भाजलेली मॅकरोनी, कुणी लोण्याचा केक. प्रत्येक भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी होती. बायका हलक्या आवाजात दोन शब्द बोलत, मार्सेलाबाईंचा हात दाबत आणि फार वेळ न थांबता निघून जात.

"किती समजूतदार," मार्सेलाबाई जावेला म्हणाल्या. "आपल्याकडं पाहुणे बसले की उठत नाहीत. आणि म्हणे, खेडवळ!"

जावेने तोंडात केक असल्यामुळे नुसती मान हलवली.

तीनच्या सुमारास शेजारचे हॉयट आले. हातात झाकलेलं पातेलं, टोपी काखेत. कोरा स्वयंपाकघरात होती, ओडेल मागच्या अंगणात. हॉयट सरळ मार्सेलाबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी सकाळी दवाखान्यात होतो. रस्त्यावर उभं राहायला मिळालं नाही, माफ करा."

"अहो, त्यात काय एवढं! तुमच्या गावानं इतका मान दिला, आम्ही भरून पावलो."

"द्यायलाच पाहिजे. एवढ्या लांबून आणलंत तुम्ही." हॉयटनी पातेलं त्यांच्या हाती दिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "फक्त एक विचारू? गावात कुणालाच पत्ता नाही. एरवी ओडेल त्या लांब काळ्या गाडीतून अंत्ययात्रा काढतो तेव्हा आदल्या दिवशीच नाव कळवतो. आज तुमच्यातलं गेलं कोण?"