निम्मं तांबं

आठशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या कुणा सरदाराने पाडलेलं चांदीचं नाणं प्रबुद्ध सरांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून विकत आणलं खरं, पण फसवलं तर नसेल या शंकेने त्यांना चैन पडेना. ओतूरच्या रंगनाथ सोनाराने ते कसोटीवर घासून पाहिलं. "सर, निम्मं तांबं हाय ह्यात. दोन दिस ठिवा माझ्याकडं."

नाणं तिथे ठेवून सर दोन दिवस धुमसत राहिले, मग तावातावाने व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसला. "अहो, तो सरदारच लबाड. रयतेला असलीच नाणी द्यायचा. तांबं आहे म्हणूनच तुमचं नाणं अस्सल."

आता सरांना सोनाराचाच संशय आला. त्याने नाणं बदललं तर? ते तडक दुकानात गेले.


रंगनाथने चकचकीत नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. "आटवून समदं तांबं काढलं सर, कमी पडली ती चांदी पदरची घातली, अन् पुन्हा तसंच्या तसं पाडलं."