सील अंगठ्यानं बसवायचं

आबा गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल मी धुळ्याच्या आमच्या गॅरेजात भर दुपारी उघडली. इंजिन रिकामं करून पुसलं होतं, तरी झिजलेल्या ऑइल सीलच्या रबरी कड्यातून कोमट तेल पाझरत होतं.

"अक्का, भंगारमा दी टाक," धाकटा भाऊ ईश्वर म्हणाला.

"गप. हिच्यावरूनच शिंदखेड्याला जाणार मी."

नव्या सीलवर हातोडी मारायची नाही, अंगठ्यांनीच दाबायचं, ही आबांची शिकवण. मी दाबलं. सील हळूच बाहेर सरकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकलं.

दुसऱ्या बाजूनं बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

मग मी सगळा भार टाकला. रबरावर आतून दोन उंचवटे आले, बरोबर माझ्या अंगठ्यांखाली.

"दाब ना," मी ओरडले, "बघू कोण आधी दमतं!"

उंचवटे मागे गेले. मी हसले.

तेवढ्यात आतून हातोडीचा पहिला ठोका बसला. मी अंगठे काढले नाहीत.