प्रार्थनेची साखळी

राखेचा बुधवार. फादरांनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, स्वतःचं कपाळ विसरले.

चर्चच्या पायरीवर एक उजवा बूट. जोडीचा डावा कधीच सापडला नाही.

सुतारकाकांनी कन्फेशनच्या खोलीचं दार दुरुस्त केलं. आता ते बाहेरून उघडतं, आतून नाही.

ईस्टरची मोठी मेणबत्ती वाकडी बसली आणि पुढे वाकडीच जळत राहिली.

सूप खारट झालं. त्या दिवशी सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

चर्चमधल्या अशा या वर्षभरात त्याने एकही गुरुवार चुकवला नाही.

दर गुरुवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये रस्त्यावरच्या माणसांना जेवण मिळे. मोठ्या पातेल्यामागे ती उभी असे. हातातली पळी ती कुणाला देत नसे, म्हणून सगळे तिला पळीबाई म्हणत, फादरसुद्धा. हॉलचा नियम एकच, आणि तो तिनेच घातलेला: जेवायला आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. वाढायचं. हसायचं असेल तर सगळ्यांकडे बघून सारखंच हसायचं.

एकही गुरुवार न चुकवणारा तो तिचा धाकटा भाऊ होता. एकदा स्टेशनबाहेर तिने त्याला नावाने हाक मारली होती. तेव्हा तो जो पळाला, तो कित्येक वर्षं दिसलाच नाही. म्हणून आता ती काही बोलत नसे. तो वाडगा पुढे करी, "पळीबाई, तळातलं घाला," म्हणे, आणि ती तळातलं घाली. आठवड्यातून तेवढाच भाऊ तिच्या वाट्याला येई. पण तेवढा येई.

मागच्या रविवारी, वेदीवरच्या फुलदाण्या धुताना, तो आपला भाऊ आहे हे बेकरीवालीजवळ तिच्या तोंडून निघून गेलं. त्याचा खोकला वाढला होता, आणि तो खोकला एकटीने ऐकणं तिला जड झालं होतं.

आज वर्षातला शेवटचा गुरुवार. जेवणं उरकली की फादर सेवा करणाऱ्या सगळ्यांचे आभार मानणार होते. फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूने चांदण्या काढल्या होत्या.

तो दारातून आत आला आणि काहीतरी बिनसलंय हे तिला लगेच कळलं. ऑर्गनवाल्या मास्तरांनी, जे एरवी कुणाला मान हलवूनही ओळख देत नाहीत, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. सुतारकाका त्याला रांगेत पुढे सरकवू लागले. "या, तुम्ही पुढे या. इथे उभे राहा." बेकरीवालीने सगळ्यांना एकेक पाव दिला होता. त्याच्या ताटलीत तिने तीन ठेवले आणि वर डोळे भरून पाहिलं.

मागून एक दाढीवाला ओरडला, "काय राव, जावई आहात का यांचे?"

रांग हसली. तोही हसला.

"कुणाला सांगितलंस?" पळीबाईने ओठ न हलवता बेकरीवालीला विचारलं.

"कुणालाच नाही गं, शपथ. फक्त प्रार्थनेच्या साखळीत टाकलं."

प्रार्थनेची साखळी म्हणजे एकाने दोघांना फोन करायचा, त्यांनी आणखी दोघादोघांना. आजाऱ्यासाठी, हरवलेल्यासाठी, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी.

"माझा भाऊ म्हणून?"

"मग काय म्हणून? देवाला कळायला नको, कुणासाठी मागतोय ते?" बेकरीवालीने एप्रनला नाक पुसलं. "चार दिवस चर्चमधलं घरन्‌घर त्याच्यासाठी गुडघ्यांवर आहे, आणि तू अशी बघतेस!"

तो पातेल्यासमोर आला. वाडगा पुढे केला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने ताटलीतल्या तीन पावांकडे पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं, ते अजून त्याच्याकडेच बघत होते. खिडकीशी पेले पुसणाऱ्या दोघी पुसायच्या थांबल्या होत्या. तिने पातेल्यात मान घातली, दर गुरुवारी घालते तशी, आणि पळी तळापर्यंत नेली.

"काका," ती म्हणाली, "जरा पातेलं तिरकं धरा."

पण सुतारकाकांना गहिवर आवरेना. "तुमच्या ताईकडे बघून तरी..." एवढं म्हणाले आणि बाहीने डोळे पुसू लागले.

त्याने रिकामा वाडगा टेबलावर ठेवला. दोन पाव उचलून टोपलीत परत टाकले. एक ठेवला, तो सगळ्यांना मिळाला होता तसाच होता. मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला. या वेळी पळाला नाही. खोकत, सावकाश, खुर्च्यांना धक्का लागू न देता गेला.

हाक मारली तर पळेल. नाही मारली तर जाईल. पळी भरलेली होती आणि तिचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

बेकरीवालीने तिचा दंड धरला. "चल, आत जाऊन आपण आणखी प्रार्थना करू."

"नको गं," पळीबाई म्हणाली. "आता नको."

दार आपोआप मिटलं. दाढीवाल्याने घसा खाकरला. "बाई, रांग थांबलीय."

तिने दाढीवाल्याचा वाडगा भरला. पुढच्याचा भरला. त्याच्या पुढच्याचाही.

पहिल्या गुरुवारी भावानेच तिला आधी ओळखलं होतं, आणि तरीही तो रांगेत थांबला होता.