जिजाची जीभ

जिजाने निवट्याचा तुकडा तोंडाशी नेला आणि नवऱ्याने, बळीरामने, तिचं मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला. "नवस हाय."

कालवणाचा थेंब चटईवर पडला. चुलीपाशी बसलेल्या सुनेने, हेमांगीने, पळी हातातच धरून ठेवली.

कॅन्सर. सात महिने. वसईहून मुंबईचं हॉस्पिटल, तिथून परत. सुया. उलट्या. उशीवर केस. पण जिजाला विचाराल तर ती एकच सांगेल: जीभ गेली होती. भात लोखंडाचा. चहा लोखंडाचा. पाणीसुद्धा लोखंडाचं. खाडीच्या चिखलात हात घालून निवटे धरणारी बाई, आणि तिला माशाची चव नाही. महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, बऱ्या झालात. घरोघर पेढे वाटले. तिला पेढाही लोखंडाचाच लागला.

आज सकाळी फोडणीचा लसूण नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं.

"आंबट घाल," ती हेमांगीला ओरडून म्हणाली होती. "तिखट घाल. सगळं घाल!"

आणि आता हे मनगट.

"कसला नवस?"

"गावदेवीला बोललो. जिजा उठली तर जन्मभर मासळी सोडील."

"माझ्या जिभेवर तुमी उदार झालात?"

"देवीला हलकं काय देऊ? तुला सगळ्यात आवडतं तेच दिलं."

"नवस कोनी केला?"

"मी."

"मंग तुमी सोडा."

"आई," हेमांगी हळूच म्हणाली, "बाबांनी कधीच सोडलीय. तुम्ही हॉस्पिटलात गेलात त्या दिवसापासून. डाळभात खातात, तोही अर्धा."

जिजाने नवऱ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी, नीट. गळ्याची हाडं. खांद्यावरून घसरलेली बंडी. ती जगण्याच्या कामात होती. तिला हे दिसलंच नव्हतं.

"डॉक्टर बरी म्हनला ना? अजून काय?"

"परत आला तर?" त्याचा आवाज फुटला. "तू हा घास खाल्लास आन् परत आला तर?"

कालवणाची वाफ तेवढी वर जात राहिली.

"येऊ दे," जिजा म्हणाली. "मी त्याला उपाशी सापडनार नाय."

तिने हात हिसडला. घास तोंडात टाकला. आंबट. तिखट. खाडी. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला.

"देवीकडं उद्या मी जाते. तिचे उपकार हायेत, पाया पडीन. पन माझ्यातलं काय द्यायचं, ते मी ठरवीन. जिवंत हाय मी."

मग ती सुनेकडे वळली.

"हेमांगी, ह्यांना वाढ. घरात आता आजारी हेच हायेत."