पाचातले तीन

हसनाबादचा रायभान गेला. त्याचा आवाज एका जुन्या फोनात उरला होता आणि तो फोनही मरायला टेकला होता. त्याची नात रेणू जालन्यात कॉम्प्युटरचं काम करते. रायभानच्या पाची लेकांना अख्खी कॉपी देणं सोपं होतं. पण तिनं अख्खी कॉपी स्वतःकडंही न ठेवता रेकॉर्डिंगचे पाच तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पेन ड्राइव्ह दिला.

"आजी, कोणतेबी तीन तुकडे जमले की आबा बराबर बोलतेत. दोन हरवले तरी फिकीर न्हाई."

"अख्खंच दिलं असतंस तर?" बायनाबाईनं विचारलं.

"मंग जो तो आपल्या घरी ऐकत बसला असता. आता एकत्र यावंच लागंल."

पुढं फोन बंद पडला. वावराच्या वाटणीवरून भाऊ एकमेकांचं तोंड बघेनात. म्हातारी वर्षभर म्हणत राह्यली, "एकडाव ऐकवा रे मला." एक हरामखोर आला नाही.

शेवटी रेणूनं पाची घरी फोन लावून थाप मारली. "त्याच्यात आबा वाटणीचं बोललेत. उद्या आपापला तुकडा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोघं धावत आले. ज्यांच्याकडं वावर जास्त होतं, त्या तिघांनी आपापला पेन ड्राइव्ह दगडानं ठेचून टाकला होता. दोन तुकड्यांतून आवाज निघत नाही.



त्या रेकॉर्डिंगमध्ये रायभान फक्त आपल्या मेंढ्यांना हाका मारत होता.